सांत्वन, साधारणीकरण आणि दलित कविता

दलित कवितेच्या संदर्भात 'सांत्वन' हा शब्द योजताना मराठी समीक्षा बिचकत आली आहे. विद्रोह, नकार, वेदना या संज्ञा रुळल्या. सांत्वन मात्र अन्यायाशी तडजोड करायला लावणारे मानले गेले. शरणकुमार लिंबाळे यांनी 'दलित साहित्याचे सौंदर्यशास्त्र' (१९९६) या ग्रंथात वेदनेच्या साहित्याला आनंदाचा निकष लावण्यास घेतलेली हरकत रास्तच आहे. परंतु आनंद नाकारल्याने सांत्वनाचा प्रश्न निकालात निघत नाही.

भट्टनायकाच्या मते साधारणीकरणाने शोक व्यक्ती, स्थळ आणि काळ यांच्या बंधनांतून सुटतो, म्हणूनच तो आस्वाद्य होतो. सहृदयाच्या बाजूने हे विवेचन समर्पक आहे. ज्याचे माणूस गेले त्याच्या बाजूने पाहता मात्र नाव, वस्ती आणि तारीख पुसली जाणे ही दुसरी हानी ठरते.

मध्य रेल्वेच्या पट्ट्याने अशी हानी अनुभवली आहे. ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात पुतळ्याच्या विटंबनेनंतर झालेल्या पोलीस गोळीबारात दहा जण मृत्युमुखी पडले. २९ सप्टेंबर २००६ रोजी खैरलांजीत एका दलित कुटुंबातील चौघांची हत्या झाली. तो क्षोभ शमला नव्हता, तोच कानपूरमध्ये पुतळ्याची विटंबना झाली आणि ३० नोव्हेंबरला कल्याणलगतच्या उल्हासनगरात 'डेक्कन क्वीन'चे डबे जाळले गेले. सार्वजनिक स्मृतीत तो दिवस गाडीच्या नावाने उरला. त्यामागचा शोक अनामिक राहिला.

ठाणे, कल्याण, डोंबिवलीच्या वस्त्यांत जयंतीच्या आणि महापरिनिर्वाणदिनाच्या मंचावरून गायिली जाणारी भीमगीते या अनामिकतेला उत्तर देतात. वामनदादा कर्डकांसारख्या कवींनी घडविलेल्या या परंपरेत शाहीर कडवे म्हणतो, कोरस धृपद उचलतो. येथे शोक शांत होत नाही. त्याला दुसरा आवाज मिळतो. विशिष्टता न गमावता दुःख सामुदायिक होते. हे साधारणीकरण नव्हे, सहभागीकरण होय. आणि या कवितेतील सांत्वन त्यातच आहे.

या सांत्वनाला मर्यादाही आहे. रमाबाई नगरच्या गोळीबारानंतर काही दिवसांतच शाहीर विलास घोगरे यांनी आत्महत्या केली. आनंद पटवर्धन यांचा 'जयभीम कॉम्रेड' (२०११) हा चित्रपट याच घटनेपासून निघतो. इतरांच्या दुःखाला आवाज देणाऱ्याच्या वाट्याला तो आवाज परत येईलच, अशी हमी कवितेला देता येत नाही. न्यायाची जागाही तिला घेता येत नाही.

याच पट्ट्यात अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलने भरली : २०१० मध्ये ठाण्यात, उत्तम कांबळे यांच्या अध्यक्षतेखाली, आणि २०१७ मध्ये डोंबिवलीत. अशा व्यासपीठावर दलित कविता ऐकून सवर्ण श्रोत्याचे मन हेलावते, तेव्हा त्यालाही एक समाधान लाभते. आपण संवेदनशील आहोत, हे ते समाधान. वस्तीतल्या कोरसला लाभणारे सांत्वन आणि हे समाधान यांना एकाच संज्ञेखाली घालणे ही समीक्षेची मोठी गफलत होईल. म्हणून कविता दिलासा देते काय, एवढेच विचारून भागणार नाही. तो कोणाला देते आणि त्यासाठी कोणाचे नाव पुसते, हेही समीक्षेने विचारले पाहिजे.