मुकुंद रामचंद्रांची चोवीस माणसं

राजाबाई टॉवर पाहायला थेट त्याच्या पायाशी जाऊ नये. आधी ओव्हल मैदानाच्या पश्चिमेच्या फुटपाथवर उभं राहावं, तेही दुपार कलल्यावर, ऊन आपल्या पाठीमागून येऊन मनोऱ्यावर पडू लागतं तेव्हा. कुर्ल्याच्या खाणीतला हा पिवळट दगड सकाळी थोडा उदास दिसतो. चार वाजून गेले की त्याच्यात हळदीची झाक उतरते आणि सपाट वाटणाऱ्या भिंतीतली एकेक खाच, एकेक कंगोरा सावलीनं उठून दिसायला लागतो. मनोऱ्याचं तोंड पश्चिमेकडे आहे. तो उभा राहिला तेव्हा मैदानापलीकडे रेल्वेचे रूळ आणि त्यापुढे समुद्र होता. मधल्या आर्ट डेको इमारती बॅकबेच्या भरावानंतरच्या. मावळतीचं ऊन तेव्हा याच्यावर पाण्यावरून थेट येत असणार.

मूळ आराखडा लंडनचा. सर जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट यांनी तो केला आणि मुंबईत कधी पाऊल न टाकता केला. पैसा कापसाचे व्यापारी प्रेमचंद रायचंद यांचा: मुंबई विद्यापीठाच्या ग्रंथालयासाठी दोन लाख आणि आईच्या, राजाबाईंच्या, नावे मनोऱ्यासाठी आणखी दोन लाख रुपये. देणगी 1864 ची. पुढच्याच वर्षी कापसाच्या तेजीचा फुगा फुटला आणि प्रेमचंदही त्यात पोळले. 1 मार्च 1869 रोजी पायाभरणी झाली, काम 1878 च्या नोव्हेंबरात संपलं.

याची तुलना लोक सर्रास बिग बेनशी करतात. मला ती वरवरची वाटते. उंच आणि घड्याळवाला, एवढंच दोघांत साम्य. जाणकारांना इथे फ्लोरेन्सचा जोत्तोचा घंटामनोरा आठवतो, ते अधिक खरं. पण स्कॉटचं कसब पाहायचं तर मनोरा क्षणभर विसरून खालच्या ग्रंथालयाकडे पाहावं. ते मुद्दाम बुटकं, आडवं, लांबलचक ठेवलं आहे. कमानींची रांग नजरेला जमिनीलगत सरळ नेत राहते, आणि ती नजर बरोबर मध्यावर अडून एकदम उभी वर जाते. 280 फूट ही काही आजच्या मुंबईत उंची नव्हे. तरीही मनोरा उंच वाटतो, तो या आडव्या बैठकीमुळे. वर जाताना चौकोन सुटतो, आठ बाजू येतात, कडा मऊ होत जातात आणि शेवटी शिखर आकाशात कुठे मिसळलं ते कळतही नाही.

आता मैदान ओलांडून जवळ जावं. मनोऱ्याचा तळ म्हणजेच ग्रंथालयाचा पोर्च. एवढं सगळं ओझं डोक्यावर असताना आपण त्याखालून चालत जातो, आणि दडपण अजिबात येत नाही, कारण भिंती जिथे जाड असायला हव्यात तिथे कमानी मोकळ्या सोडल्या आहेत. कोपऱ्यांतले गोल जिनेही बंदिस्त नाहीत. दगडी खांबांच्या जाळीतून वारा आरपार जातो. शेजारच्या दीक्षान्त सभागृहातही हीच युक्ती आहे. युरोपातलं गॉथिक भिंतीत उजेड शोधतं. इथे उजेड भरपूर, त्याला अडवायचं आहे. म्हणून खोल व्हरांडे आले, आणि काचेच्या आधी सावली आली. बिनचूक इथल्या उन्हाची इमारत!

आणि आता मान वर करावी, जमल्यास दुर्बीण घेऊन. कोनाड्यांतून आणि वर शिखराजवळ माणसं उभी आहेत, एकूण चोवीस. युरोपातल्या मनोऱ्यावर या जागी संत आणि राजे असतात. इथे पश्चिम हिंदुस्थानातल्या जातीजमातींची माणसं आहेत, आपापल्या पगड्या, पागोटी आणि अंगरख्यांसह. ती घडवली रावबहादूर मुकुंद रामचंद्र या साहाय्यक अभियंत्यानं. कागद लंडनचा असला तरी हा मनोरा मुंबईचा होतो तो इथे. पागोट्याचा पीळ कुठून सुरू होऊन कुठे खोचला जातो, उपरण्याची चुणी खांद्यावरून कशी उतरते, हे रोज पाहिलेल्या माणसालाच ठाऊक. लंडनच्या टेबलावर ते उमगलं नसतं. शिल्पाची आणखी एक जाण यात आहे. आकृती खालून पाहिली जाणार हे धरून शिरोवस्त्रं ठसठशीत ठेवली आहेत, कारण इतक्या उंचीवर चेहऱ्याआधी डोक्याची बाह्यरेषा ओळखू येते. त्या काळच्या मुंबईत रस्त्यावर माणूस ओळखायची रीतही तीच होती. या चोवीस जणांसाठी मी राजाबाई टॉवरला शहरातल्या इतर गॉथिक इमारतींच्या वर ठेवतो.

वरच्या वाचनालयाच्या रंगीत काचा हा वेगळाच आनंद. चित्रातल्या काळ्या रेघा पाहाव्यात: त्या शिशाच्या पट्ट्या आहेत. तुकडे सांधणं हे त्यांचं काम. पण कसबी कारागीर त्यांनाच रेखाटनाची रेघ करतो, त्यामुळे जोड दिसतो आणि खुपत नाही. दीक्षान्त सभागृहाच्या वर्तुळाकार खिडकीत बारा राशी आहेत. पदवी घेणाऱ्यानं त्या पाहायला विसरू नये.

घड्याळ पूर्वी सोळा सुरावटी वाजवायचं, त्यांत ‘होम, स्वीट होम’ही होती. आता एकच सुरावट उरली.

2013 ते 2015 या काळात वास्तुविशारद ब्रिंदा सोमाया यांच्या देखरेखीखाली टॉवर आणि ग्रंथालयाचं जतनकाम झालं. टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसनं पैसा दिला. 2018 मध्ये ओव्हलभोवतीचा हा सारा परिसर जागतिक वारसा यादीत आला. पण यादीपेक्षा मला महत्त्वाचा वाटतो तो सांध्यातला चुना. जुन्या मऊ दगडाच्या भेगेत चुन्याऐवजी सिमेंट भरलं की ओल आत कोंडते आणि बाहेर पडायला दगडाचाच पापुद्रा सोलून काढते. भिंतीचा पापुद्रा गेला तर नवा दगड बसवता येतो. पागोट्याचा पीळ असा बदलता येत नाही. मुकुंद रामचंद्रांनी तो एकदाच वळला आहे. म्हणून पुढच्या दुरुस्तीची निविदा निघेल तेव्हा या चोवीस जणांचं एकेकाचं छायाचित्र, मापं आणि आजची झीज आधी नोंदली जावी, आणि शिडी लागण्यापूर्वी चुन्याचं प्रमाण ठरलेलं असावं.