बाळमित्राचें इंग्रजी मूळ कोणतें ?

मराठी मुद्रित ग्रंथांच्या याद्या चाळतांना लहान मुलांसाठीं छापलेल्या जुन्या पुस्तकांपुढें एक शेरा वारंवार आढळतो : 'इंग्रजीवरून भाषांतर'. यादीकारास एवढ्यानें आपलें काम झालें असें वाटतें, आणि वाङ्मयेतिहास लिहिणारास तर तेवढेंहि पुष्कळ होतें. कोणतें इंग्रजी, कोणत्या सालचें, कोणी तयार केलेलें, हा प्रश्न पुढें कोणी विचारीत नाहीं. हस्तलिखित पोथीची शाखा ठरविल्यावांचून पाठाविषयीं एक अक्षर न बोलणारे आपण लोक छापील बालपुस्तकाच्या बाबतींत मात्र ही शिथिलता सुखानें चालवून घेतों. ग्रँट यांची १८६७ ची यादी, ब्लूमहार्ट यांची ब्रिटिश म्यूझियमच्या संग्रहाची १८९२ ची सूची आणि शं. ग. दाते यांची 'मराठी ग्रंथसूची' यांच्या श्रमांवांचून आम्हांस एक पाऊलहि टाकतां आलें नसतें, हें कृतज्ञतेनें मान्य करूनच पुढील टीका करीत आहें.

उदाहरणासाठीं प्रसिद्ध पुस्तकच घेऊं. सदाशिव काशीनाथ ऊर्फ बापू छत्रे (१७८८-१८३०) यांचें 'बाळमित्र' १८२८ सालीं मुंबईस निघालें. त्याचा मूळ लेखक बर्क्विन, हें सर्वश्रुत आहे. आर्नो बर्क्विन (१७४७-१७९१) हा फ्रेंच ग्रंथकार. त्यानें १७८२ व १७८३ या दोन वर्षांत 'मुलांचा मित्र' या अर्थाच्या नांवाची माला महिन्यास एक पुस्तक याप्रमाणें चालविली. छत्रे यांनीं फ्रेंच ग्रंथ हातीं घेतला नव्हता, इंग्रजी घेतला होता, येथवर वाद नाहीं. परंतु बर्क्विनचें इंग्रजी एक नाहीं. 'मुलांचा मित्र' याच नांवानें चोवीस भागांचें एक निनांवी भाषांतर १७८३ पासून लंडनमध्यें निघूं लागलें. मार्क अँथनी मेलन यानें १७८६ त आपलें निराळें भाषांतर काढलें. शिवाय १७८७ सालीं 'मनाचा आरसा' अशा अर्थाच्या नांवानें निवडक गोष्टींचें एक सुटसुटीत पुस्तक एलिझाबेथ न्यूबेरी हिच्या दुकानांतून बाहेर पडलें आणि तें पुढें अनेक वर्षें खपत राहिलें. यांपैकीं छत्रे यांच्या मेजावर कोणतें होतें ?

हा प्रश्न केवळ पांडित्याचा नव्हे. बर्क्विनच्या मालेंत गोष्टींबरोबर मुलांनीं करावयाचीं छोटीं नाटकेंहि आहेत. मराठींत एखादें नाटक आढळलें नाहीं, तर तें छत्रे यांनीं गाळलें कीं त्यांच्या इंग्रजींतच नव्हतें ? एखादा प्रसंग आटोपशीर झाला असेल, तर ती शाबासकी मुंबईच्या पंडितास द्यावयाची कीं लंडनच्या संक्षेपकारास ? मधली कडी डोळ्यांआड ठेवून केलेली स्तुति आणि निंदा दोन्ही भलत्याच माणसाच्या माथीं बसतात. त्यांतून मौज अशी कीं बर्क्विन हाहि सर्वस्वीं मूळ लेखक नव्हे. लाइप्झिगच्या क्रिस्टियान फेलिक्स वाइसे यानें १७७५ पासून चालविलेल्या 'मुलांचा मित्र' याच नांवाच्या जर्मन नियतकालिकांतून त्यानें पुष्कळ सामग्री उचलली होती. म्हणजे 'बाळमित्र' हें नांवसुद्धां जर्मनींतून फ्रेंचांत, फ्रेंचांतून इंग्रजींत आणि तेथून मराठींत आलें.

'मनाचा आरसा' या पुस्तकाच्या कर्त्याचा शोध कसा लागला, हें दफ्तरें धुंडाळणाऱ्या वाचकांस आवडेल. पुस्तकावर एका पाद्रीबुवांचें नांव आहे; खरा लेखक रिचर्ड जॉन्सन नांवाचा, दुकानदारांसाठीं मजुरीनें लिहिणारा मनुष्य. त्यानें कोणत्या कामाचे किती पैसे मिळाले हें आपल्या हिशेबाच्या वह्यांत टिपून ठेविलें होतें. त्या वह्यांवरील निबंध १९४९ सालीं प्रसिद्ध झाला आणि दीडशें वर्षांचें कर्तृत्व योग्य जागीं गेलें. आपल्याकडे जमाखर्चाचे मोडी कागद ज्यांनीं वाण्यास पुड्या बांधावयास दिले त्यांनीं हें वाचावें.

आतां माझी स्वतःची चूक सांगतों. मीं आयुष्याचीं तीस-बत्तीस वर्षें जव्हार व मोखाडा या दोन तालुक्यांत शिक्षकी केली. डोक्यावर दुधाचें भांडें घेऊन मनोराज्य करणाऱ्या गवळणीची गोष्ट मी दरवर्षीं 'इसापाची गोष्ट' म्हणून सांगत असें. एका वर्षीं मोखाड्याकडील एक मुलगा उभा राहून म्हणाला, "गुर्जी, डोक्यावर दूध घेऊन बाजाराला कोण जातंय ?" वर्ग हंसला. मींहि हंसून वेळ मारून नेली. परंतु प्रश्न बिनतोड होता, आणि त्याचें उत्तर शोधतांना मला कळलें कीं प्राचीन ग्रीक इसापांत ही गोष्ट नाहींच. मी संस्कृतचा विद्यार्थी. मला ती ओळखूं यावयास हवी होती. पंचतंत्राच्या अपरीक्षितकारक तंत्रांतील स्वभावकृपण ब्राह्मण, त्याचा सातूच्या पिठाचा घट आणि न जन्मलेला पुत्र सोमशर्मा हेंच तिचें घर. तेथून ती पहलवी व अरबी मार्गानें युरोपांत गेली; ला फोंतेन यानें १६७८ सालीं तिची फ्रेंच गवळण केली; आणि इंग्रजी संग्राहकांनीं ती इसापाच्या नांवाखालीं घातली. आमच्या वर्गांत ती परदेशीं वेष घेऊन परत आली, आणि घरच्या माणसास मी पाहुणा म्हणून पाट मांडीत होतों.

या एका गोष्टीवरून शाखा ओळखण्याची एक कसोटी मला सांपडली, ती संग्राहकांनीं पडताळून पाहावी. भांडें कशानें फुटलें तें पाहावें. पंचतंत्रांत ब्राह्मण लाथ मारतो. हितोपदेशांतील देवशर्मा काठी फेंकतो, आणि त्याबरोबर कुंभाराचींहि मडकीं फुटतात. अरबी 'कलीला व दिम्ना' यांतील तापसाच्या हातींहि काठीच आहे, मात्र घटांत मध व तूप. अरबी रात्रींच्या कथांत न्हाव्याचा पांचवा भाऊ कांचेचीं भांडीं लाथेनें उडवितो. ला फोंतेनची गवळण आनंदानें उडी मारते. डॉड्स्लीच्या १७६१ च्या इंग्रजी संग्रहांतील मुलगी मनांतल्या मनांत वरांस नकार देतांना मान हालविते आणि भांडें खालीं येतें. आतां मराठी पुस्तकांतील गवळण मान हालवीत असेल तर ती कोणत्या दारानें आली हें सांगावयास ज्योतिषी नको. कृष्णशास्त्री चिपळूणकर यांनीं १८६१ पासून काढलेल्या 'अरबी भाषेंतील सुरस व चमत्कारिक गोष्टी' याहि इंग्रजीवरूनच घेतलेल्या. नांवांत मात्र अरबी भाषा. म्हणजे त्या मार्गानें आलेली लाथसुद्धां इंग्रजींतून वळसा घेऊन आली आहे.

विशेषनामें ही दुसरी कसोटी. पंचतंत्राचें पहलवी भाषांतर सहाव्या शतकांत बुर्झोय यानें केलें, तें नष्ट झालें. त्यावरून बूद नांवाच्या पाद्र्यानें सुरियानी भाषेंत केलेलें भाषांतर एका जुन्या ख्रिस्ती ग्रंथसूचींतील एका ओळीपुरतें उरलें होतें, आणि त्या ओळीवर विश्वास ठेवावा कीं नाहीं यावर युरोपांत वाद चालला होता. १८७० च्या सुमारास मार्दीन येथील एका मठांत त्याची पोथी सांपडली, व १८७६ त बिकेल यानें ती छापली. तींत कोल्ह्यांचीं नांवें कलिलग व दमनग अशीं आहेत. करटक-दमनक यांतील शेवटचा 'क' पहलवींत 'ग' होऊन तसाच राहिला आहे. अरबी कलीला-दिम्ना यांत तो गळाला. एवढ्या एका अक्षरानें सिद्ध झालें कीं हें भाषांतर अरबीवरून झालेलें नाहीं. ज्यांस 'बाळमित्रा'चें इंग्रजी ओळखावयाचें आहे त्यांनीं आधीं त्यांतील नांवें, नाणीं व खाद्यपदार्थ यांचे टांचण करावें, आणि गोष्टींचा अनुक्रम तर अवश्य उतरून घ्यावा. भाषांतरकार शब्द बदलतो, नांवें बदलतो, परंतु पुस्तक समोर ठेवून क्रमानें लिहीत जाणें हा त्याचा स्वभाव सहसा सुटत नाहीं.

अडचण प्रतींची आहे. मुलांचीं पुस्तकें मुलेंच संपवितात. लंडनमध्यें जॉन न्यूबेरी यानें १७४४ सालीं काढलेल्या सुप्रसिद्ध खिशांतील पुस्तकाच्या पहिल्या आवृत्तीची एकहि प्रत आज ज्ञात नाहीं. जी गोष्ट इतक्या मोठ्या ग्रंथालयांच्या देशांत, ती जव्हारसारख्या पावसाळी डोंगरी गांवांत काय वर्णावी! चार महिने भिंती पाझरतात आणि उरलेले आठ महिने वाळवीचे. तथापि सर्व दोष निसर्गावर ढकलणें प्रामाणिकपणाचें होणार नाहीं. या भागांतील एका शाळेंत मी असतांना जुन्या पुस्तकांच्या निर्लेखनाची यादी माझ्यापुढें सहीसाठीं आली. यादींत पुस्तकांचीं नांवें नव्हतीं. 'जीर्ण, मुखपृष्ठ नाहीं, गोष्टींचीं पुस्तकें', एवढेंच व पुढें नगांचा आंकडा. मीं सही केली. दुसऱ्या दिवशीं मागील अंगणांत धूर निघाला. त्या पेटींत काय होतें हें आतां कोणासहि सांगतां येणार नाहीं, आणि 'मुखपृष्ठ नाहीं' हें ज्या पुस्तकाविषयीं म्हटलें जातें तेंच बहुधा वाचण्यासारखें असतें, हें मला त्या दिवशीं सुचलें नाहीं.

आणखी एक कडी आहे, ती कागदावर कधीं आलीच नाहीं. वारली, कोकणा, ठाकूर, कातकरी घरांतील मुलांस पाठ्यपुस्तकाचें मराठी हेंच परकें. तेव्हां शिक्षकास गोष्ट पुन्हां त्यांच्या बोलींत सांगावी लागे. लंडनच्या दुकानांत तयार झालेली गोष्ट मोखाड्याच्या वर्गांत नागलीची भाकरी खाऊं लागे. ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनीं याच जिल्ह्यांत बोर्डी व कोसबाड येथें मुलांच्या परिसरांतून शिक्षण उभें केलें, त्यामागें ही जाण होती. आम्हीं सामान्य शिक्षकांनीं मात्र केलेलीं हीं तोंडी भाषांतरें लिहून ठेविलीं नाहींत. मींहि नाहीं.

जुन्या काळींच असें होई असें समजण्याचें कारण नाहीं. किप्लिंग हा मुंबईंत जन्मलेला. त्याच्या १८९४ च्या वनकथांवरून जपानांत १९८९ सालीं चित्रमालिका झाली, आणि १९९३ सालीं दूरदर्शनवर ती हिंदी आवाजांत आली. शेरखानाचा आवाज नाना पाटेकर यांचा. माझ्या विद्यार्थ्यांस मोगली हिंदींतच बोलतो याविषयीं शंका नव्हती. हीच मालिका इंग्रजी आवाज देऊन इंग्रजींतहि निघाली; म्हणजे इंग्रज लेखकाची कथा जपानींतून इंग्रजींत परत गेली, जशी ब्राह्मणाची कथा आमच्याकडे गवळण होऊन आली. उद्यां कोणी यादीकार तिच्यापुढें 'इंग्रजीवरून' असा शेरा मारील, आणि तो खोटाहि ठरणार नाहीं.

'इसपनीतिकथे'विषयीं स्वतंत्रपणें लिहावयास पाहिजे. तूर्त एवढेंच सुचवितों कीं, छत्रे यांच्याहि पूर्वीं, एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत, तंजावरास सरफोजी राजांच्या छापखान्यांत 'बालबोध मुक्तावली' या नांवानें इसापाच्या गोष्टी मराठींत छापल्या गेल्या होत्या. सरफोजींचे स्वतःचे इंग्रजी ग्रंथ सरस्वती महालांत आहेत. त्यांतील इसाप काढून मुक्तावलीशीं अनुक्रमानें ताडून पाहिला, तर निदान एका मराठी इसापाची इंग्रजी शाखा ठरविण्याचा मार्ग मोकळा होईल. हें काम तंजावरास राहणाऱ्या किंवा तेथें जाऊं शकणाऱ्या एखाद्या सभासदानें अंगावर घ्यावें.

ज्यांच्या संग्रहीं 'बाळमित्रा'ची १८४० पूर्वीची प्रत असेल, मग ती कितीहि फाटकी असो, त्यांनीं गोष्टींच्या मथळ्यांचा अनुक्रम व आढळतील तीं विशेषनामें मंडळाकडे कळवावींत. मुखपृष्ठ नसेल तर तेंहि कळवावें. आणि गवळणीची गोष्ट असलेलें कोणतेंहि जुनें मराठी पुस्तक हातीं आल्यास तिनें मान हालविली कीं उडी मारली, हें एका पत्रानें अवश्य लिहावें.