रेवदंड्याचीं फिल्मचित्रें : एक परीक्षण

आमच्या अकोटच्या एका जुन्या विद्यार्थ्यानें रेवदंड्याचा कोट व गांव यांचीं छायाचित्रें फिल्मच्या कॅमेऱ्यानें घेऊन त्यांतील निवडक चोवीस आमच्याकडे अभिप्रायासाठीं पाठविलीं आहेत. सोबत, आम्हीं न मागतां, संबंध रोलाची कॉन्टॅक्ट प्रिंटहि जोडली आहे. हें औदार्य त्यास किंचित् महाग पडणार आहे.

चौल-रेवदंड्याचें महत्त्व वाचकांस सांगावयास नको. कान्हेरीच्या लेखांतील चेमूल तें हेंच. पोर्तुगीजांनीं येथें इ. स. १५२१ त कोटास आरंभ केला, व १७४० त तो मराठ्यांकडे आला. डॉ. जेर्सन द कुन्ह यांनीं १८७६ त चौल व वसई येथील अवशेषांवर जें इंग्रजी पुस्तक प्रसिद्ध केलें, त्यांत छायाचित्रें घातलीं होतीं; ईस्टमनचा रोल-फिल्मचा कॅमेरा निघण्यास तेव्हां बारा वर्षें अवकाश होता. त्या पुस्तकांत चित्रांच्या जोडीस स्थळांचें वर्णन व शिलालेखांचीं वाचनें आहेत. प्रस्तुत संचांत प्रत्येक चित्राच्या पाठीवर ‘रेवदंडा’ एवढा एकच शब्द आहे.

सातखणीचा मनोरा नऊ वेळां आला असून त्यांतील सात चित्रें सूर्यास्ताचीं आहेत. तरुणास हातोटी आहे यांत संशय नाहीं. माडांमागील ती काळी आकृति पाहून क्षणभर आम्हीहि थांबलों. परंतु काळ्या आकृतींत दगडाचा सांधा दिसत नाहीं, कीं कोणत्या खणाचें काय उरलें तें कळत नाहीं. वेशीवरील पोर्तुगीज राजचिन्हाचें चित्र ऊन समोरून सरळ पडत असतां घेतल्यामुळें सारा उठाव सपाट झाला आहे. आमच्या तालुक्यांतील नरनाळ्याच्या महाकाली दरवाजावरील लेख ज्यांनीं ऊन भिंतीस घासून जात असतां पाहिला असेल, त्यांस यांतील मर्म कळेल. ती लिपि न येणाऱ्या आम्हांसहि त्या वेळीं अक्षरांचीं वळणें स्पष्ट दिसलीं होतीं. खाडीच्या अलीकडून घेतलेलें कोर्लईच्या डोंगराचें चित्र मात्र निर्दोष आहे.

डिजिटल चित्रांत फेरफार करतां येतो, फिल्म खोटें बोलत नाहीं, असें तो पत्रांत लिहितो. हें आम्हांस मान्य नाहीं. फिल्मची साक्ष तिच्या दाण्यांत नसून पट्टीच्या कडेवरील क्रमांकांत आहे. कॉन्टॅक्ट प्रिंट पाहतांना पोथीचीं पत्रें उलटल्याचा भास होतो. संचांत १६ व्या चौकटीनंतर एकदम २० वी येते. मधल्या तीन गाळल्या आहेत. त्यांत काय आहे? तटास लागून एक घर, वळणीवर धुणें, अंगणांत वाळत घातलेलें जाळें, आणि पायरीस लावलेला एक घडीव दगड. तो दगड कोटाचाच असें म्हणण्यास आज पुरावा नाहीं; पण पुरावा शोधावयाची जागा तीच. धुण्यामुळें जुनेपणाचा भंग होतो, हा त्याचा खुलासा! नकलकारानें न आवडलेलीं पत्रें टाकून द्यावीं आणि खालीं ‘संपूर्ण’ लिहावें, तशांतला हा प्रकार झाला. रेवदंडा हा ओसाड कोट नव्हे. तटाच्या आंत वाड्या आहेत, घरें आहेत, माणसें नांदतात. पडक्या तटाचे दगड पुढें कोणत्या कामीं लागले, हा कोटाच्या इतिहासाचाच भाग होय.

दिनांक, दिशा, माप यांपैकीं कांहींच साध्या फिल्मवर आपोआप उमटत नाहीं. डिजिटल कॅमेरा निदान वेळ तरी टिपून ठेवतो. तेव्हां जवळ वही हवी, आणि दगडाशेजारीं मोजपट्टी. शिवाय पट्टीवरील थर जिलेटिनचा असल्यानें दमट हवेंत त्यास बुरशी धरते; पोथ्यांस जशी कसर, तशी निगेटिव्हांस ही. त्यास वऱ्हाडचा पावसाळाहि पुरतो.

गाळलेल्या तिन्ही चौकटी क्रमांकांसह संचांत परत घालाव्या. १८ वी मोठ्या आकारांत काढून आमच्याकडे पाठवावी. पायरीच्या दगडाची डावी कड आम्हांस भिंगाखालीं पाहावयाची आहे.