ख्रिस्तचरित्राचा कालनिर्णय

ख्रिस्तचरित्राचा कालनिर्णय : येशू ख्रिस्ताच्या जीवनातील व आद्य ख्रिस्ती समाजातील घटनांचा काळ बायबलमधील उल्लेख, प्राचीन कालगणना व ज्योतिर्गणित यांच्या आधारे ठरविण्याची पद्धती. शुभवर्तमाने ही श्रद्धेच्या प्रसारासाठी लिहिली गेली. त्यांत वर्षगणना अशी नाहीच. त्यामुळे राजे, अधिकारी व सण यांच्या प्रासंगिक उल्लेखांवरच अभ्यासकांना विसंबावे लागते.

इसवी सनाची गणना डायोनिशियस एक्सिगस याने ५२५ मध्ये सुरू केली. मत्तयाच्या कथनानुसार येशूचा जन्म हेरोद राजाच्या हयातीत झाला आणि हेरोद बहुधा इ. स. पू. ४ मध्ये मरण पावला. तेव्हा हा सन निदान चार वर्षांनी चुकलेला दिसतो. लूक मात्र जन्माचा संबंध क्विरिनियसच्या शिरगणतीशी जोडतो. जोसेफसच्या इतिहासानुसार ही शिरगणती इ. स. ६ मधील असल्याने दोहोंत सुमारे दहा वर्षांचे अंतर पडते. ते बुजविण्यासाठी कल्पिलेल्या आधीच्या शिरगणतीला स्वतंत्र पुरावा नाही.

क्रूसारोहणाबाबत सामग्री अधिक आहे. पिलात हा इ. स. २६ ते ३६ या काळात यहूदियाचा अधिकारी होता. वार शुक्रवार, सण वल्हांडणाचा, एवढे चारही शुभवर्तमानांत आढळते. परंतु योहानाच्या मते तो दिवस निसान महिन्याची १४ तारीख, तर इतर तिघांच्या कथनावरून १५ ठरते. १४ निसान शुक्रवारी येण्याचे योग मुख्यतः ७ एप्रिल ३० व ३ एप्रिल ३३ असे निघतात. तिबेरियसच्या १५ व्या वर्षी (इ. स. २८-२९) बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाचे कार्य सुरू झाले, असे लूक सांगतो, योहानाच्या शुभवर्तमानात किमान तीन वल्हांडण सण येतात. हे दोन्ही उल्लेख काटेकोर धरल्यास ३३ हे वर्ष सोयीचे ठरते.

३ एप्रिल ३३ रोजी जेरूसलेम येथे चंद्रोदयसमयी चंद्रग्रहण दिसले असावे, असे हंफ्रीज व वॉडिंग्टन यांनी १९८३ मध्ये गणिताने दाखविले आणि ‘चंद्र रक्तासारखा होईल’ या आशयाचे वचन त्यास जोडले. गणित ग्राह्य असले, तरी अनुमान दुबळे आहे. कारण प्रेषितांच्या कृत्यांतील ते वचन योएल संदेष्ट्याच्या भविष्यवाणीचा अनुवाद असून घटनेची नोंद नव्हे. शिवाय यहुदी महिना चंद्रकोर प्रत्यक्ष दिसल्यावर सुरू होई व अधिक महिना पिकाची स्थिती पाहूनही धरला जाई. ढगाळ आकाशाने होणारा एका दिवसाचा फरक कोणतेही गणित भरून काढू शकत नाही.

या पद्धतीचे बळ व मर्यादा भारतीय उदाहरणांवरून स्पष्ट होतात. एरण येथील बुधगुप्ताच्या कोरीव लेखात गुप्त संवत् १६५, आषाढ शुद्ध १२, गुरुवार असा निर्देश आहे. रत्नागिरी जिल्ह्यातील मुरुडचे शंकर बाळकृष्ण दीक्षित यांनी फ्लीटसाठी केलेल्या गणिताने त्याची २१ जून ४८४ ही तारीख निश्चित झाली. येथे वर्ष, तिथी व वार तिन्ही मूळ लेखातच असून गणित केवळ पडताळणी करते. शुभवर्तमानांत तिथी वादग्रस्त व वर्ष अनुपस्थित आहे. गणना निश्चित नसल्यास काय होते, हे मालवणच्या सिंधुदुर्गावरून कळते. त्याच्या पायाभरणीची तिथी शके १५८६, मार्गशीर्ष वद्य २ अशी दिली जाते. तिची प्रचलित तारीख २५ नोव्हेंबर १६६४ ही ज्यूलियन गणनेची असून ग्रेगोरियन गणनेने ती ५ डिसेंबर होते. पोर्तुगीजांनी नवी गणना सोळाव्या शतकातच स्वीकारली होती, तर इंग्रज १७५२ पर्यंत जुनीच वापरीत. म्हणून या किनाऱ्याच्या इतिहासात तारीख कोणाच्या कागदातील, हे आधी पाहावे लागते.

ख्रिस्ती कालगणनेतील सर्वांत भक्कम दुवा ग्रहगणिताचा नसून शिलालेखाचा आहे. डेल्फाय येथील लेखावरून गल्लियो हा इ. स. ५१-५२ च्या सुमारास अखया प्रांताचा अधिकारी असल्याचे ठरते आणि कॉरिंथमध्ये त्याच्यासमोर उभ्या राहिलेल्या पौलाचा काळ निश्चित होतो. ज्योतिर्गणित हे साक्षीची परीक्षा करू शकते, साक्ष निर्माण करू शकत नाही. म्हणून क्रूसारोहणाबाबत इ. स. ३० किंवा ३३ एवढेच विधान करणे पुराव्यास धरून होईल. एकच दिवस निःसंदिग्धपणे सांगणारी विवेचने पुराव्यापेक्षा श्रद्धेवर अधिक उभी आहेत.