पलटणींचे इतिहास आणि शिपायांची नावे

बखर, करीना, कैफियत, महजर यांची परीक्षा करण्यात ज्यांची हयात गेली असे आमचे संशोधक बंधू पलटणीचा छापील इतिहास हाती आला म्हणजे तो साहेबी कपाटातला जिन्नस म्हणून बाजूस ठेवतात. ही उपेक्षा योग्य नव्हे. पलटणीचा इतिहास हीदेखील एक बखरच होय. तो कोणी लिहिला, कोणाच्या सांगण्यावरून लिहिला, कोणते कागद पुढे ठेवून लिहिला आणि कोणास संतोष व्हावा म्हणून लिहिला, हे चार प्रश्न आपण बखरीस विचारतो, तेच त्यासही विचारले पाहिजेत. ते विचारले असता काय निष्पन्न होते, हे दाखविण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

या विचारास निमित्त झाला तो एक परदेशी ग्रंथ. स्कॉटलंडातील एडिंबरो शहरी सर जॉर्ज मॅक्रे या गृहस्थांनी १९१४ सालच्या नोव्हेंबर महिन्यात स्वेच्छेने येणाऱ्या नागरिकांची एक पलटण उभी केली. रॉयल स्कॉट्स रेजिमेंटची ही १६ वी पलटण. विलायतेत सक्तीची भरती १९१६ साली सुरू झाली. त्याआधीची ही गोष्ट. कारकून, कारागीर, विद्यार्थी आणि हार्ट्स या नामांकित फुटबॉल संघाचे खेळाडू एकाच रांगेत उभे राहून भरती झाले. १ जुलै १९१६ रोजी फ्रान्समध्ये सोमच्या लढाईच्या पहिल्याच दिवशी या पलटणीची भयंकर हानी झाली. तिचा इतिहास जॅक अलेक्झांडर यांनी २००३ साली प्रसिद्ध केला. शिपायांच्या नोकरीच्या सरकारी कागदांचा मोठा भाग १९४० सालच्या बाँबहल्ल्यात लंडन येथे जळून गेला होता. तेव्हा ग्रंथकाराने मृतांच्या वंशजांची घरे धुंडाळली आणि पत्रे, रोजनिशा, छायाचित्रे जमवून त्यांच्या आधाराने ग्रंथ रचला. दफ्तर जळाले म्हणून इतिहास खुंटला नाही. तो घराघरांतून पुन्हा गोळा झाला. राजवाडे गावोगाव हिंडून रुमाल मिळवीत, त्याच जातीचे हे काम आहे, हे आमच्या वाचकांच्या तत्काळ ध्यानात येईल.

याच महायुद्धात मराठी मुलखाच्या तीन पलटणी मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकात, लढल्या आणि कूत-अल-अमारा येथील वेढ्यात सापडल्या. १०३ वी, ११० वी व ११७ वी या त्या होत. त्यांच्याविषयी ग्रंथ थोडे नाहीत. सेनापती टाउनशेंड यांचे पुस्तक १९२० साली निघाले. वेढ्यात असलेले मेजर सँडिस यांचे त्यापूर्वी, १९१९ साली. आणि मोबर्ली यांचा चार खंडांचा सरकारी इतिहास १९२३ ते १९२७ या काळात. पुढे स्वतंत्र हिंदुस्थानात लेफ्टनंट जनरल अभ्यंकर यांनी मराठा लाइट इन्फंट्रीचा समग्र इतिहास इंग्रजीत लिहिला, तो १९८० साली प्रसिद्ध झाला. हे सर्व ग्रंथ ज्यांनी लिहिले ते अधिकारपदावरील पुरुष होते.

ग्रंथाचे तात्पर्य ठरविण्याकरिता मीमांसकांनी सहा लिंगे सांगितली आहेत. त्यांपैकी उपक्रमोपसंहार आणि अर्थवाद ही दोनच येथे लावून पाहू. पलटणींच्या इतिहासांचा उपक्रम बहुधा पलटण कोणत्या साली उभी राहिली, येथून होतो. उपसंहार निशाणावर मिळालेल्या लढायांच्या नावांनी आणि अधिकाऱ्यांच्या याद्यांनी होतो. तेव्हा पलटणीचा लौकिक हे तात्पर्य ठरते. शिपायाचे धैर्य, त्याची निष्ठा, त्याचा सोशिकपणा ही जी वर्णने मध्ये येतात ती अर्थवाद होत. अर्थवाद खोटाच असतो असे नाही. परंतु ज्याची स्तुती चालली आहे त्याविषयीचे ते प्रमाण नव्हे, हे विसरता कामा नये.

पलटणीच्या नावाचेही असेच आहे. आम्हा वऱ्हाडकरांस याचा दाखला दूर शोधावयास नको. हिंदी सैन्यात '९६ वी बेरार इन्फंट्री' या नावाची एक पलटण होती. हे नाव वाचून आमचा एखादा तरुण हर्षभरित होईल आणि यवतमाळ, दारव्हा, पुसद येथील वीर तीत शोधू लागेल. वस्तुस्थिती अशी की, ही पलटण हैदराबाद कंटिंजंट नामक निजामाच्या खर्चाने चाललेल्या फौजेतील होय. त्या फौजेच्या खर्चाच्या वसुलीकरिता १८५३ च्या तहाने वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली झाला. १९०३ साली ती फौज हिंदी सैन्यात विलीन झाली. १९२२ साली ही पलटण १९ व्या हैदराबाद रेजिमेंटची दुसरी पलटण बनली, आणि १९४५ साली त्या रेजिमेंटला कुमाऊं हे नाव मिळाले. तीत भरती होत असे ती मुख्यतः उत्तर हिंदुस्थानच्या लोकांची. म्हणजे वऱ्हाडच्या कुणब्याने सारा भरला, पलटणीस नाव वऱ्हाडचे पडले, आणि बंदूक धरणारा परप्रांतीचा. केवळ नावावरून इतिहास लिहिणारा येथे हटकून फसावयाचा.

आता कूतच्या वेढ्याकडे वळू. सहाव्या, म्हणजे पुणे डिव्हिजनचे सैन्य नोव्हेंबर १९१४ मध्ये इराणी आखाताच्या माथ्याशी उतरले. एप्रिल १९१५ मध्ये शैबा येथे ११० वी व ११७ वी लढल्या. नोव्हेंबरात टेसिफोन येथे बगदादची वाट रोखली गेली, माघार घ्यावी लागली, आणि ७ डिसेंबर १९१५ पासून कूत येथे वेढा पडला. सुमारे पाच महिन्यांनी, २९ एप्रिल १९१६ रोजी, सुमारे १३,००० माणसे शत्रूच्या स्वाधीन झाली.

वेढ्यात धान्य सरत आले तेव्हा घोडे व खेचरे कापण्यात आली. गोऱ्या शिपायांनी ते मांस खाल्ले. हिंदी शिपायांपैकी पुष्कळांनी एप्रिल महिन्यापर्यंत ते नाकारले. धर्मगुरूंची अनुज्ञा बिनतारी संदेशाने मागविण्यात आली, तरीही बरेच दिवस फरक पडला नाही. इंग्रज लेखकांनी या नकाराची संभावना बहुधा 'पूर्वग्रह' या एका शब्दात केली आहे, आणि टाउनशेंड यांनी तर हिंदी पलटणींविषयी उघड तक्रारीचा सूर लावला आहे. परंतु ज्याच्या देव्हाऱ्यात घोड्यावर बसलेल्या खंडोबाचा टाक आहे, ज्याच्या घरी दसऱ्यास घोड्याची पूजा होते, त्यास तेच जनावर कापून खा म्हणणे म्हणजे काय, हे त्या लेखकांस कोण सांगणार? शिपायाने स्वतः जबानी दिली असती तर त्या एका शब्दाच्या जागी एक प्रकरण लिहावे लागले असते.

तथापि येथे एक निराळे प्रमाण उपलब्ध आहे, आणि ते आम्हास फार बोलके वाटते. वेढ्यातील मुख्य वैद्यकीय अधिकारी पॅट्रिक हेहिर यांनी रोगांच्या नोंदी ठेवल्या. त्यांवरून असे दिसते की, गोऱ्या शिपायांत बेरीबेरी झाला आणि हिंदी शिपायांत स्कर्व्ही. कारण उघड आहे. गोऱ्यांस मैद्याची पांढरी रोटी मिळत होती. तीत कोंड्याचे सत्त्व नव्हते. हिंदी शिपाई जाड्याभरड्या पिठाची भाकर खात असल्यामुळे बेरीबेरीपासून वाचला, पण ताजे मांसही नाही व भाजीही नाही, म्हणून त्याच्या हिरड्यांतून रक्त वाहू लागले. म्हणजे ज्या शिपायास हट्टी म्हटले, त्याने त्या नकाराची किंमत आपल्या देहाने मोजली, हे डॉक्टरच्या वहीत लिहिलेले आहे. सेनापतीचे शब्द आणि वैद्याची नोंद यांत अंतर पडेल तेथे दुसरीवर भर द्यावा, हा साधा नियम होय.

शरणागतीनंतर टाउनशेंड यांचे दिवस कॉन्स्टँटिनोपलजवळच्या बेटावर सन्मानाने गेले. त्यांचे हिंदी शिपाई रखरखीत वाळवंटातून रास-अल-ऐन येथे चालत नेले गेले आणि बगदाद रेल्वेच्या कामास जुंपले गेले. त्या वाटेवर किती पडले याची कथा आपणास सांगितली ती शिशिर सर्वाधिकारी या बंगाली स्वयंसेवकाने. बंगाली रुग्णवाहक पथकातून ते कूतला होते. बंदिवासातील टिपणांवरून लिहिलेले त्यांचे 'अभि ले बगदाद' हे पुस्तक १९५७ साली निघाले. एका साक्षर स्वयंसेवकाने जे पाहिले ते तगले. तीन मराठी पलटणींच्या वतीने मात्र अद्याप दुसरेच बोलत आहेत. ११७ व्या पलटणीस या युद्धाबद्दल १९२१ साली 'रॉयल' ही पदवी मिळाली. पदवी पलटणीस मिळाली. शिपायाच्या नावाचे काय झाले, ते आता शिलालेखांत पाहू.

या विषयावरील शिलालेख आमच्या वाचकांच्या हातखंड्याचे. भीमेच्या काठी कोरेगाव येथे १ जानेवारी १८१८ रोजी लढाई झाली. तेथील स्तंभावर कंपनी सरकारच्या मृत सैनिकांची ४९ नावे कोरलेली आहेत, आणि त्यांपैकी २२ नावांच्या शेवटी 'नाक' हे पद आहे; म्हणजे ते महार शिपाई होत. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात त्यांचीच भरती बंद झाली, आणि १९१७ साली गरज पडताच '१११ वी महार' ही पलटण काढण्यात आली, हा दैवदुर्विलास निराळा. सांगावयाचे ते इतके की, १८२१ साली ज्याची कोनशिला बसली त्या स्तंभावर साध्या शिपायाचे नाव आहे. त्यानंतर शंभरांहून अधिक वर्षांनी, १९२९ साली, बसरा येथे मेसोपोटेमियातील ज्या मृतांस समाधी नाही अशा ४०,५०० हून अधिक माणसांकरिता स्मारक उघडण्यात आले. तेथे हिंदी अधिकाऱ्यांची नावे कोरली, शिपायांची मात्र केवळ संख्या. दगड अपुरा पडला असेल म्हणावे, तर फ्रान्समध्ये नव शापेल येथील १९२७ सालच्या स्मारकावर ४,७०० हून अधिक हिंदी मृतांची नावे शिपायांसुद्धा कोरलेली आहेत. राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगानेच २०२१ साली या विषमतेची कबुली आपल्या अहवालात दिली. बसऱ्याचे स्मारक १९९७ साली मूळ जागेवरून हलविण्यात आले.

आमच्या देशावर गावोगाव जे संगमरवरी पाटे आहेत, त्यांचाही मासला हाच: या गावातून इतके लोक महायुद्धास गेले, पैकी इतके पडले. साताऱ्याजवळील अपशिंगे गावास लष्करी गाव म्हणूनच ओळखतात. त्या एका गावचे ४६ लोक पहिल्या महायुद्धात पडले, अशी तेथील स्मारकाची ख्याती आहे. कोणी म्हणेल, आमच्या वीरगळांवर तरी नावे कोठे असतात? खरे आहे. पण वीरगळ गावाच्या वेशीत उभा असे. तो कोणाचा, हे गावास ठाऊक असे, आणि त्यास शेंदूर लावणारा वंशज हयात असे. बसऱ्याच्या वाळवंटात शेंदूर लावावयास कोण जाणार?

तेव्हा शिपायाचा आवाज कोठे शोधावयाचा? फ्रान्समधील हिंदी सैनिकांची पत्रे तपासनिसांनी वाचून त्यांतील उतारे इंग्रजीत उतरविले. ते लंडनला आहेत आणि डेव्हिड ओमिसी यांनी १९९९ साली त्यांचा एक संग्रह छापला. त्या पत्रांवरही विश्वास बेताने ठेवावा. पुष्कळदा लिहिणारा दुसरा, सांगणारा दुसरा, तपासणीची धास्ती, आणि आईस दुःख कळू नये ही मुलाची काळजी. शिवाय आपल्या हाती पडते ते भाषांतर. परंतु मूळ पत्रे तपासनिसांनी ठेवून घेतली नाहीत. जी आक्षेपार्ह वाटली नाहीत ती ज्याची त्यास पोचती झाली. त्या काळचा घरगुती मराठी पत्रव्यवहार पुष्कळसा मोडीत चाले. अर्थात ती पत्रे उरली असतील तर मराठी घरांतच, आणि वाचणारे उरले आहेत ते आपल्या मंडळींतच.

येथे आमचा स्वतःचा एक अपराध सांगितल्याशिवाय लेख पुरा होत नाही. सुमारे पंचवीस वर्षांपूर्वी यवतमाळ जिल्ह्यातील एका घरी आम्ही श्रीधराच्या पांडवप्रतापाची हस्तलिखित पोथी पाहावयास गेलो. बासन सोडले तेव्हा पोथीच्या पानांत एक घडी घातलेला कागद निघाला. घरच्या वृद्ध बाई साताऱ्याकडच्या. त्यांच्या माहेरचे कोणी बसऱ्यास गेले होते, त्याचे ते पत्र. मोडी अक्षर वेडेवाकडे, शाई उडालेली. "हे पण घेऊन जा, मास्तर," बाई म्हणाल्या. आम्ही पोथी घेतली आणि कागद परत घडी घालून त्यांच्या हाती दिला. पोथीच्या प्रती महाराष्ट्रात पुष्कळ आहेत. त्या कागदाची दुसरी प्रत नव्हती. पुढे काही वर्षांनी पुन्हा त्या घरी गेलो तेव्हा बाई वारल्या होत्या, घर नवे झाले होते, आणि जुने कागद दिवाळीच्या झाडलोटीत गेले होते.

पलटणींच्या इतिहासकारांस आम्ही वर पुष्कळ दोष दिला. त्यांनी शिपायाचे नाव गाळले ते त्यांच्या रीतीप्रमाणे. आम्ही ते हाती आलेले परत केले, ते आमच्या रीतीप्रमाणे; कारण जे जुने ते संग्राह्य आणि जे आजोबांच्या काळचे ते रद्दी, अशी आमची समजूत होती. एडिंबरोच्या ग्रंथकाराने जे केले ते करण्यास आता फार उशीर झाला आहे, पण अगदीच वेळ गेलेली नाही. आमच्या संग्राहक बंधूंस एवढीच विनंती की, पोथीचे बासन सोडाल तेव्हा पोथी ठेवा बाजूस, आणि आधी पानांत काय घडी घातलेले आहे ते पाहा.