स्ट्रिकलंडचा त्याग आणि गोगँची उमेदवारी

सॉमरसेट मॉम यांची ‘द मून अँड सिक्सपेन्स’ (१९१९) ही कादंबरी फ्रेंच चित्रकार पॉल गोगँ याच्या जीवनावरून सुचलेली आहे, हे सर्वश्रुत आहे. ती चरित्राशी जुळत नाही, ही तक्रार कलाकृतीविरुद्ध करता येत नाही. परंतु चरित्रातले काय वगळले हे पाहिल्यास लेखकाची कलावंताविषयीची कल्पना उघड होते.

कादंबरीतील चार्ल्स स्ट्रिकलंड हा लंडनमधील शेअरदलाल. चाळिशीत तो पत्नी व दोन मुले यांना टाकून पॅरिस गाठतो. त्याची पूर्वतयारी म्हणजे वर्षभर चोरून केलेले रात्रीचे वर्ग! उलट, गोगँने १८७३ च्या सुमारास दलालीच्या पेढीवर असतानाच कुंचला हाती धरला. १८७६ मध्ये पॅरिसच्या सलूनने त्याचे निसर्गचित्र स्वीकारले. पिसारोसारखा गुरू त्याला लाभला आणि १८७९ पासून इंप्रेशनिस्टांच्या प्रदर्शनांत त्याच्या कलाकृती झळकल्या. १८८२ मध्ये पॅरिसचा शेअरबाजार कोसळला, त्यानंतरच्या वर्षी पेढी सुटली. म्हणजे ज्याला आपण त्याग म्हणतो, त्यामागे दहा वर्षांची उमेदवारी होती आणि थोडी लाचारीही.

मॉम यांनी ही उमेदवारी गाळल्यामुळे प्रतिभा म्हणजे निव्वळ झपाटणे ठरते. झपाटलेल्या माणसाला जाब विचारता येत नाही. या कल्पनेचे सामर्थ्य अखेरच्या प्रकरणांत निःसंशय प्रत्ययास येते. ताहितीतील झोपडीच्या रंगविलेल्या भिंती पाहून डॉक्टर स्तिमित होतो, आणि कुष्ठरोगाने मेलेल्या चित्रकाराच्या इच्छेनुसार ती झोपडी जाळली जाते. हा प्रसंग विसरणे अशक्य आहे. पण एखादे चित्र फसते कसे आणि पुन्हा उभे राहते कसे, हे कादंबरीत कोठेच दिसत नाही.

दुसरी उणीव अधिक गंभीर आहे. श्रीमती स्ट्रिकलंड टंकलेखनावर पोट भरतात, तेव्हा त्यांच्या प्रतिष्ठेच्या धडपडीचा उपहास होतो. गोगँची पत्नी मेट हिने कोपनहेगनमध्ये फ्रेंचच्या शिकवण्या व भाषांतरे करून पाच मुलांचा भार वाहिला. उपहासामुळे त्यागाची खरी किंमत कोणी मोजली, हा प्रश्न वाचकाच्या मनातून निसटतो.

विद्यार्थ्यांच्या हाती ही कादंबरी अवश्य द्यावी. मात्र तिच्या मोहिनीत एखाद्याने चालता व्यवसाय सोडण्याचे मनात आणले, तर शिक्षकाने त्याला स्ट्रिकलंडची चिठ्ठी नव्हे, गोगँची ती दहा वर्षे दाखवावीत.