मत्स्यकल्याणाच्या मोहिमा आणि पालि साहित्याचा निकष

इंद्रायणी नदी देहूहून आळंदीकडे जाताना वाटेत निघोजे गावाच्या शिवाराला लागून वाहते. देहूच्या डोहातील मासे भाविक पवित्र मानतात. परंतु तळ्यात वाढवून चाकणच्या बाजारात आणलेला मासा टोपलीत तडफडत असतो, तेव्हा त्याच्याकडे कोणाचे लक्ष जात नाही. याच परिसरात, देहूरोड येथे, 25 डिसेंबर 1954 रोजी बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना केली. तेथील उपासकांनी तरी या दोन माशांत भेद करू नये, ही अपेक्षा रास्त आहे.

मत्स्यशेतीतील माशांच्या कल्याणासाठी अलीकडे आपल्या देशात संघटित मोहिमा सुरू झाल्या आहेत. त्यांविषयी आपल्या समाजात शंका आहे आणि ती निराधार नाही. प्राणिदयेच्या नावाने येथे माणसाच्या ताटाकडे बोट दाखविण्यात आले व ताटावरून त्याची जात ठरविण्यात आली. गोमांसभक्षण आणि अस्पृश्यता यांचा संबंध बाबासाहेबांनी 1948 साली प्रसिद्ध झालेल्या 'द अनटचेबल्स' या ग्रंथात उलगडून दाखविला आहे. तेव्हा बुद्धवचनाचा आधार घेणारी मोहीम त्या वचनाशी प्रामाणिक आहे काय, हे तपासणे अगत्याचे ठरते.

पहिला उतारा उदानातील सोणवग्गाच्या कुमारकसुत्ताचा. श्रावस्ती आणि जेतवन यांच्या दरम्यान काही मुले माशांना छळीत असतात. भगवान त्यांच्याजवळ जातात आणि विचारतात की, तुम्हांला दुःखाची भीती वाटते काय, दुःख तुम्हांला अप्रिय आहे काय. येथील क्रियापद महत्त्वाचे आहे. उदानातच दुसऱ्या ठिकाणी मुले सापाला काठीने मारतात, तेथे 'हन्' धातू येतो. माशांच्या प्रसंगी 'बाध्' धातू येतो. म्हणजे सुत्ताचा विषय वधापूर्वीचा छळ हा आहे. मुलांचे कुळ, त्यांचा आहार, त्यांचा व्यवसाय यांविषयी भगवान काहीही विचारीत नाहीत. मुलांच्या स्वतःच्या अनुभवापासून ते आरंभ करतात.

दुसरा उतारा पंचाहत्तराव्या जातकाचा, म्हणजे मच्छजातकाचा. अवर्षणाने तळे आटते, मासे चिखलात शिरतात आणि कावळे त्यांना टोचून खातात. मत्स्ययोनीतील बोधिसत्त्व सत्यक्रिया करतो व पाऊस पडतो. सत्यक्रियेतील चमत्कार बाजूला ठेवला तरी कथेची दृष्टी अचूक आहे. माशाचे कल्याण प्रथम पाण्यात असते. मत्स्यशेतीचे आजचे शास्त्र हेच सांगते. तळ्यात मासे दाटीने सोडले, खाद्य व मलमूत्र साचले, की पाण्यात विरघळलेला प्राणवायू घटतो. रात्री शेवाळ प्राणवायू निर्माण करीत नाही, उलट वापरते; म्हणून पहाटे रोहू, कटला, मृगळ पृष्ठभागावर येऊन तोंडे उघडू लागतात. माशांच्या शरीरात वेदना टिपणारे मज्जातंतू आहेत, हे लिन स्नेडन व त्यांच्या सहकाऱ्यांनी ट्राउट माशाच्या अभ्यासातून 2003 मध्ये दाखविले.

तिसरा उतारा अडचणीचा आहे व तो टाळणे अप्रामाणिकपणाचे होईल. अंगुत्तरनिकायाच्या छक्कनिपातात कोसल देशी चारिका करीत असता भगवान एका मच्छीमाराला मासे मारून विकताना पाहतात आणि या धंद्याने कोणी हत्तीघोड्यांवर बसलेला तुम्ही पाहिला आहे काय, असे भिक्खूंना विचारतात. भोई किंवा कोळी वाचकास हे झोंबेल. परंतु सुत्तात कारण दिले आहे ते जन्माचे नाही. वधासाठी आणलेल्या जीवांकडे तो पापी मनाने पाहतो, असे म्हटले आहे. आणि सुत्ताचा शेवट मनुष्यवधाकडे त्याच मनाने पाहणाऱ्यावर होतो. 'द बुद्ध अँड हिज धम्म' या ग्रंथात बाबासाहेबांनी मारण्याची इच्छा आणि मारण्याची गरज यांत जो भेद केला, अहिंसेला नियम न मानता तत्त्व मानले, त्याच्या प्रकाशात हे सुत्त वाचले पाहिजे. मत्स्यमांस सर्वथा वर्ज्य करावे ही मागणी देवदत्ताची होती. भगवंतांनी ती नाकारली व तिकोटिपरिसुद्ध मत्स्यमांसाची मुभा कायम ठेवली, हेही विनयपिटकात नमूद आहे.

या तीन उताऱ्यांतून मोहिमेचा निकष मिळतो. तिने खाणाऱ्याची जात काढू नये, वेदनेविषयी प्रश्न विचारावा, आणि उपाय पाण्यापासून सुरू करावा. 2019 मध्ये स्थापन झालेली 'फिश वेल्फेअर इनिशिएटिव्ह' ही संस्था आंध्र प्रदेशातील तळ्यांचे पाणी तपासून प्राणवायू घटल्यास शेतकऱ्याला उपाय सुचविते. ही पद्धत कुमारकसुत्ताच्या जवळची आहे. मात्र अशा मोहिमेचा खर्च व जोखीम लहान शेतकऱ्यावर पडत असेल, तर करुणेचा भार दुर्बलावर टाकल्यासारखे होईल.

उलट उदाहरण महाराष्ट्रातच आहे. थाई मागूर माशाच्या पैदाशीवर 2000 मध्ये बंदी आली. तो इतर मासे फस्त करतो आणि घाणेरड्या पाण्यातही वाढतो. बंदी असूनही ठाणे जिल्ह्यात व उजनीच्या काठी त्याची तळी चालत राहिली. राष्ट्रीय हरित लवादाच्या आदेशानंतर 2020 मध्ये शासनाने टनावारी मागूर नष्ट केले. नदीच्या रक्षणासाठी कारवाई आवश्यक होती. परंतु त्या माशांना कोणत्या रीतीने मारले जाते, हा प्रश्न सार्वजनिक चर्चेत आला नाही. प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणाऱ्या 1960 च्या कायद्यात मनुष्याखेरीज प्रत्येक सजीव 'प्राणी' आहे. मासाही त्यात येतो. तरी मासा आपल्या हिशेबात टनांनीच मोजला जातो, आणि टनाला वेदना नसते.

अशोकाने आपल्या पाचव्या स्तंभलेखात ठराविक दिवशी मासे मारण्यास व विकण्यास मनाई केली, कोळ्यांच्या राखीव जलाशयांनाही ती लागू केली. पण धंदा बंद केला नाही. मर्यादा घालण्याचा हा मार्ग आजही ग्राह्य आहे.

निघोजे येथील बंधाऱ्यातून पिंपरी-चिंचवडसाठी पिण्याचे पाणी उचलले जाते. कारखाने व वस्त्या यांच्या सांडपाण्याने इंद्रायणी फेसाळते, हे आळंदीला सर्वांनी पाहिले आहे. तळ्यातील माशासाठी स्वच्छ पाणी मागणाऱ्याला नदीतील माशासाठी आणि ते पाणी पिणाऱ्या कामगारासाठीही तेच मागावे लागेल. विहारातील उपासकांनी या मोहिमेत अवश्य सामील व्हावे. पण शेजाऱ्याच्या ताटात डोकावण्यापूर्वी तळ्याच्या आणि नदीच्या काठी उभे राहावे. भगवान मुलांजवळ गेले ते तेथेच.